लाल साडी, बुजलेला खोंड आणि दारातल्या बाटल्या

वाचकांचं पत्र

नमस्कार. आमचं घर पाटण तालुक्यात. मी पुण्यात वाढलेली, लग्नानंतर इकडे आले. घरी दोन म्हशी, एक खिलार गाय आणि तिचा दोन वर्षांचा खोंड आहे. गेल्या वसुबारसेला संध्याकाळी नवा लाल शालू नेसून, ताटात निरांजन घेऊन मी गोठ्यात गेले. गाईला ओवाळणार तेवढ्यात तिच्या शेजारी बांधलेल्या खोंडानं मुसंडी मारली. दावं होतं म्हणून वाचले, पण ताट उडालं आणि मनगट मुरगळलं, ते अजून अधूनमधून दुखतं. तेव्हापासून सासूबाईंचा हुकूम आहे की लाल घालून गोठ्यात पाय ठेवायचा नाही. धारेला रोज मीच जाते, त्यामुळे माझे निम्मे कपडे पेटीत गेले.

आता माझे मिस्टर त्याच लाल साड्या शेताच्या कडेनं बांधायला मागतायत. लाल बघून रानडुकरं येत नाहीत म्हणे. आमच्याकडे भुईमूग आणि मका दोन्हीला डुकरांचा फार त्रास आहे, कधी गवाही उतरतो. शेजारच्या काकूंनी कुत्री दारात घाण करू नयेत म्हणून लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या होत्या, आता निळ्या लावल्यात. माझा मुलगा सहावीत आहे. तो म्हणतो, जनावरांना सगळं काळं-पांढरंच दिसतं, मग त्यांना लाल कसं कळणार? रोज जेवताना यावर वाद होतो. खरं काय आहे? आणि सासूबाईंचं मन न दुखवता त्यांना ते कसं सांगू?

– एक सून, पाटण

उत्तर

ताई,

तुमच्या घरातला सगळ्यात नेमका प्रश्न सहावीतल्या पोरानं विचारलाय. जनावरांना काळं-पांढरंच दिसत असेल, तर लाल बघून खोंड चिडतो हे खोटं पडतं. लाल बघून चिडतो हे खरं असेल, तर काळं-पांढरं दिसतं हे खोटं. तरी या दोन्ही समजुती आपल्याकडे एकाच ओसरीवर गुण्यागोविंदानं नांदतात. आणि दोन्ही चुकीच्या आहेत.

पण आधी मनगटाचं बघा. वसुबारसेपासून अजून दुखत असेल तर हळद-चुन्यावर भागवू नका, एक्स-रे काढून घ्या. मनगटातल्या लहान हाडाची बारीक चीर नुसतं मुरगळलंय म्हणून राहून जाते आणि पुढे धार काढताना आयुष्यभर सलते.

आता खोंडाकडे येऊ. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. गाय-बैलाच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या. १९९८ साली जेकब्स, डीगन आणि नाइट्झ या अमेरिकी संशोधकांनी गाय, शेळी आणि मेंढी यांच्या डोळ्यांची तपासणी करून हे पक्कं केलं. त्यांतली एक पेशी निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जास्त जागी असते, म्हणजे साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, आणि दुसरी पिवळट-हिरव्याला, ५५५च्या आसपास. लाल आणि हिरवा यांच्यात फरक करायला आपल्याला जी तिसरी पेशी मदत करते, ती गुरांकडे नाही. तुमचा लाल शालू तुम्हाला जसा ठसठशीत दिसतो तसा तो खोंडाला दिसण्याची शक्यता नाही. त्याच्या हिशेबानं तो एक गडद, मळकट पिवळ्या-तपकिरीकडे झुकलेला कपडा असणार. म्हणून लाल त्याला दिसतच नाही, असंही म्हणायचं नाही. लाल आणि निळा कपडा वेगळे ओळखायला गुरांना शिकवता येतं. पण ओळखणं वेगळं आणि बघून माथं भडकणं वेगळं.

माथं भडकण्याचा प्रयोग तर शंभर वर्षांपूर्वीच झालाय. जॉर्ज स्ट्रॅटन नावाचे कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी गुरांपुढे वेगवेगळ्या रंगांची कापडं धरून बघितली आणि १९२३ साली निष्कर्ष छापला की लाल रंगानं गुरं चिडतात याला आधार नाही. तरी समजूत टिकली, कारण आपण सगळ्यांनी कधी ना कधी स्पेनमधल्या बैलझुंजीची चित्रं पाहिलीत आणि त्यात लाल फडकं दिसतं. ते लाल फडकं, त्याला मुलेता म्हणतात, झुंजीच्या अगदी शेवटच्या भागात येतं. त्याआधी जे मोठं कापड वापरतात, कापोते, ते गडद गुलाबी असतं आणि त्याचं अस्तर बहुतेकदा पिवळं. बैल त्या गुलाबी कापडावरही तेवढ्याच जोरानं धावून येतो. तो धावतो ते कापड हलवलं जातं म्हणून, आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगावर धावणारीच जात निवडून जोपासलेली आहे म्हणून. शेवटच्या भागात बैल रक्तबंबाळ झालेला असतो आणि लाल कापडावर रक्त उठून दिसत नाही, हे लाल रंगाचं एक कारण सांगतात. मला तो खेळ मुळातच पटत नाही, पण तो विषय वेगळा.

तर मग वसुबारसेला झालं काय? तुम्ही लिहिलेलं पुन्हा एकदा खोंडाच्या जागी उभं राहून वाचा. दिवेलागणीची वेळ. रोज धारेला येणारी बाई ओळखीच्या कपड्यात, ओळखीच्या वासात येते. आज आली ती करकरीत रेशमात, प्रत्येक पावलाला सळसळत. केसात गजरा असेल, अंगाला अत्तर असेल, हातात चार बांगड्या जास्त. हातात चकाकणारं ताट आणि त्यात हलणारी ज्योत. गोठ्याच्या अंधारात ती ज्योत पुढे येताना भिंतीवर सावल्या नाचतात, त्या वेगळ्याच. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना जवळपास चहूबाजूंचं दिसतं, फक्त अगदी पाठीमागचा एक पट्टा सुटतो. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून अंतराचा अंदाज येतो तो नाकासमोरच्या अरुंद पट्ट्यातच. कडेनं काहीतरी हलतंय हे त्यांना लगेच कळतं. ते काय आहे आणि किती लांब आहे हे कळायला मान वळवावी लागते. तुम्ही लक्ष गाईवर ठेवून खोंडाच्या बगलेनं गेलात. त्याला मान वळवून तुम्हाला नीट बघायलाही मिळालं नसेल.

गुरं कशानं बुजतात यावर अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी आयुष्यभर काम केलंय. जमिनीवरची सावली, साचलेल्या पाण्यातली चमक, लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, अशा गोष्टींपाशी गुरांचा कळप अडतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. यात रंगापेक्षा हालचाल, उजेड-अंधाराचा तीव्र फरक आणि नवखेपणा यांचा वाटा मोठा आहे. तुमच्या ताटात या तिन्ही गोष्टी होत्या.

आणि एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खोंड दोन वर्षांचा आहे. म्हणजे वयात आलाय. कालपर्यंत अंग चाटून घेणारं वासरू या वयात हद्द राखायला लागतं. आईशेजारी बांधलेला असेल तर जास्तच. त्याचं पुढे काय करायचं हे घरात बसून ठरवा. कामाला ठेवायचा असेल तर वेसण आणि खच्चीकरण वेळेत करून घ्या, तेही जुन्या पद्धतीनं बडवून नाही; सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा, ते भूल देऊन चिमट्यानं करतात. वळू म्हणून ठेवायचा असेल तर त्याची बांधणी वेगळी करा, आणि पोरांना त्याच्या टप्प्यात जाऊ देऊ नका.

मी हे रंगाचं प्रकरण एवढं ताणून धरतोय याला कारण आहे. सासूबाईंनी घातलेली बंदी नुसती निरुपयोगी असती तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या, चार साड्या पेटीत राहिल्या तर राहिल्या. पण ती धोक्याची आहे. ‘लाल नाही ना घातलं, मग काही होत नाही’ असा भरवसा ती देते. उद्या तुमची पुण्याची बहीण पांढरी ओढणी वाऱ्यावर सोडून मागच्या बाजूनं आत जाईल, किंवा मुलगा प्लॅस्टिकची पिशवी फडफडवत पळत शिरेल, आणि घरातलं कुणी त्यांना अडवणार नाही, कारण अंगावर लाल नाही.

म्हणून नियम ठेवायचाच तर असा ठेवा. आत शिरायच्या आधी आवाज द्यायचा, रोजच्या हाकेनं. मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूनं, त्याला दिसत दिसत जायचं. पदर, ओढणी, जे काही लोंबतंय ते खोचून घ्यायचं. संध्याकाळी आधी दिवा लावायचा, मग जायचं. आणि खोंड खुरानं माती उकरतोय, मान खाली घालून फुरफुरतोय, किंवा तुमच्याकडे आडवा उभा राहून मान-खांदा फुगवून दाखवतोय, तर ओवाळणी असो की धार, तशीच राहू द्यायची आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे यायचं. यातलं आडवं उभं राहणं लोकांना कळत नाही. तो तोंड फिरवून उभा आहे म्हणजे शांत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो तुम्हाला आपलं आकारमान दाखवत असतो.

सासूबाईंशी बोलायचं ते बेंदराच्या निमित्तानं बोला. तुमच्याकडे पोळा नाही, बेंदूर असतो. त्या दिवशी बैलांना आपण काय काय करतो? शिंगं रंगवतो, पूर्वी हिंगूळ लावायचे, आता ऑइल पेंट. पाठीवर झूल टाकतो, ती कितीदा लालच असते. गुलाल उधळतो, कपाळाला कुंकू लावतो. अख्खा गाव लाल झालेला असतो आणि बैल गव्हाणीत पुरणपोळी चघळत उभा. त्यांना नुसतं विचारा, ‘आत्या, बेंदराला एवढा गुलाल असतो, तेव्हा कसं हो काही करत नाहीत?’ उत्तर तुम्ही देऊ नका. त्या बाईंनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वर्षं गुरं सांभाळलीत; हा प्रश्न त्यांच्याच अनुभवातून सुटेल. बेंदराला वाजंत्री सुरू झाली, फटाके वाजले की बैल बुजतात, हेही त्याच तुम्हाला सांगतील. आणि त्यांचं एक मान्य करा, मनापासून करा: त्यांनी धोका बरोबर ओळखला. त्या दिवशीचे कपडे रोजच्यासारखे नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी बोट ठेवलं ते फक्त चुकीच्या जागी. ‘सणाचे कपडे घालून गोठ्यात जायचं नाही, धारेचे कपडे वेगळे’ असा नियम त्यांनीच करावा असं सुचवा. तो रंगाच्या नियमापेक्षा शंभर पटींनी चांगला आहे आणि त्यांचा शब्दही राहतो. तुमच्या लाल साड्याही पेटीबाहेर येतील, कारण रोज धुतलेला, अंगाला आणि गोठ्याच्या वासाला सरावलेला लाल सुती गाऊन खोंडाला महिन्याभरात तुमचाच एक भाग वाटायला लागेल.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. ‘कुत्र्याला काळं-पांढरं दिसतं’ हे त्याच्या सरांनी सांगितलं असेल तर त्यांना दोष देऊ नका, कित्येक पुस्तकांतून ते तसंच चालत आलंय. १९८९ साली नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की कुत्र्यालाही दोन प्रकारच्या शंकूपेशींचं रंगज्ञान असतं. निळा आणि पिवळा त्याला चांगले वेगळे कळतात. लाल, नारिंगी, हिरवा यांची मात्र सरमिसळ होते. यावर कुणी म्हणेल की कुत्रं फक्त फिकं आणि गडद एवढंच बघत असेल. ती शंका २०१३ साली रशियातल्या संशोधकांनी फार सुरेख पद्धतीनं फेडली, आणि हा प्रयोग मुलाला जरूर समजावून सांगा. बंद पेट्यांमध्ये मांस ठेवायचं आणि प्रत्येक पेटीवर रंगीत कागद लावायचा. कुत्र्याला शिकवलं की गडद पिवळा कागद असेल तिथे मांस मिळतं, फिका निळा असेल तिथे नाही. मग ऐन परीक्षेत अदलाबदल केली: एकीकडे फिका पिवळा, दुसरीकडे गडद निळा. कुत्र्यानं नुसतं ‘गडद’ लक्षात ठेवलं असेल तर ते निळ्याकडे जाणार, ‘पिवळा’ लक्षात ठेवला असेल तर फिक्या पिवळ्याकडे. कुत्री बहुतेक वेळा पिवळ्याकडे गेली.

घरी करून बघायचं असेल तर हिरव्या गवतात एक लाल आणि एक निळा चेंडू टाकून बघा. निळा कुत्रं डोळ्यांनी हेरतं. लाल शोधताना ते नाक खाली घालून हुंगत फिरतं. दुकानात कुत्र्यांची खेळणी सर्रास लाल असतात, कारण विकत घेणारे आपण असतो.

यावरून बाटल्यांचं उत्तर तुम्हीच काढलं असेल. लाल पाण्याची बाटली कुत्र्याला मळकट तपकिरी दिसते; निळी नीट निळी दिसते. काकूंनी लालवरून निळ्यावर उडी मारली ती कुत्र्याला जास्त चांगलं दिसावं अशीच झाली म्हणायची! पण दिसलं म्हणून ते घाबरेल कशाला? कुत्रं पाय वर करतं ते वासासाठी. आधी कुणीतरी तिथे निरोप ठेवून गेलंय, त्यावर आपला निरोप ठेवायचा, एवढंच त्याचं काम. निरोप ठेवायला त्याला उभी वस्तू लागते, खांब, फाटक, स्कूटरचं चाक. फाटकाशी टांगलेली बाटली ही आणखी एक उभी वस्तू. मी स्वतः बाटलीवरच कार्यक्रम उरकणारं कुत्रं पाहिलंय आणि मला त्याचं कौतुक वाटलं. बाटली लावल्यावर फरक पडला असं लोक सांगतात, कारण बाटली लावतात त्याच दिवशी दारही घासूनपुसून धुतात. फरक पडतो तो धुण्यानं. काकूंना सांगा, वास पुरता जाईपर्यंत धुवा, उन्हात वाळू द्या, आणि धुवायला अमोनियाच्या वासाचं काही वापरू नका, तो वास लघवीच्या वासाशी मिळताजुळता असतो. गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालायची जागा दारापासून लांब, रोज एकच ठेवली आणि त्यांची नसबंदी झाली, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. आणि बाटल्या ठेवायच्याच असतील तर झाकणं घट्ट लावा. उघड्या बाटलीतल्या साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

त्या डासावरून एक आठवलं. लाल रंगाकडे खरोखर ओढला जाणारा जीव तुम्हाला हवा असेल तर तो हाच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं की एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास, माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगला की लाल, नारिंगी, काळ्या रंगाकडे वळतो. माणसाची त्वचा, कुठल्याही वर्णाची असो, लाल-नारिंगी प्रकाश भरपूर परत पाठवते. श्वासाचा तो वास नसेल तर डास रंगाकडे फारसं लक्ष देत नाही. बैलाच्या नावानं आपण शेकडो वर्षं जे बोलतोय ते शेवटी लागू पडलं डासाला.

रानडुकरांचं मात्र गंभीर आहे, तिथे तुमच्या पोटाचा प्रश्न आहे. डुकराच्या डोळ्यातही रंगाच्या पेशी दोनच प्रकारच्या, आणि त्याहून महत्त्वाचं, डुकरं शेतात येतात ती बहुतेक रात्री. रात्रीच्या उजेडात रंग कळणाऱ्या पेशी कुणाच्याच नीट काम करत नाहीत, ना तुमच्या ना डुकराच्या. चांदण्यात लाल साडी तुम्हालाही काळीच दिसते. त्यामुळे मिस्टरांनी रंगासाठी तुमच्या साड्या मागितल्या असतील तर साफ नाही म्हणा. साड्यांच्या कुंपणाचा थोडा उपयोग होतो, हे खरं आहे. तो होतो कारण कापड फडफडतं, बांधाच्या पलीकडचं दिसत नाही, आणि सुरुवातीला त्याला माणसाचा वास असतो. वास उडतो, फडफडीची सवय होते आणि आठ-पंधरा दिवसांत डुकरं खालून नाक घालून आत येतात. म्हणून फाटक्यातुटक्या, फिकट रंगाच्या साड्या घ्या, त्या अंधारात उठून दिसतात. खालची कड जमिनीला टेकलेली आणि ताणलेली ठेवा, जागा बदलत राहा, आणि भरवसा ठेवा तो भुईमूग दाणे धरायला लागल्यावरच्या राखणीवर. नुकसान झालंच तर लगेच वन खात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या. रानडुकरांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते. आणि कुणी कितीही सुचवलं तरी तारेत वीज सोडू नका. त्या तारेला डुकरापेक्षा पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस आधी चिकटतो.

गव्याच्या बाबतीत तर रंगाचा विचार डोक्यातून काढूनच टाका. गवा म्हणजे बैलाचाच रानटी भाऊबंद, त्याचे डोळेही त्याच घडणीचे. त्याला काय सोसत नाही हे डिसेंबर २०२०मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पुण्यात कोथरूडला गवा शिरला, त्याच्यामागे बघ्यांची गर्दी, आरडाओरडा, तासन्‌तास पाठलाग, आणि अखेर तो बिचारा मेला. शेतात गवा दिसला तर ओरडत पोरं गोळा करू नका, त्याच्या आणि जंगलाच्या मध्ये उभं राहू नका, कुत्री सोडू नका. त्याला जायची वाट मोकळी ठेवा आणि वन खात्याला फोन करा.

मुलासाठी एक खाऊ राहिला. तुम्ही राहता तिथून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जवळच आहे. त्याला विचारा, वाघ एवढा नारिंगी कशाला? हिरव्या रानात नारिंगी जनावर आपल्याला लांबून दिसतं. पण वाघ ज्यांना खातो ते सांबर, चितळ, रानडुक्कर, सगळे दोन पेशीवाले. त्यांना नारिंगी आणि हिरवा जवळपास एकच. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली संगणकावर हे तपासलं. सांबराच्या नजरेनं वाघ गवतात मिसळून जातो. अमेरिकेत हरणांचे शिकारी भडक नारिंगी जाकीट घालतात तेही याच आधारावर. दुसऱ्या शिकाऱ्याला ते दिसतं, म्हणून गोळी लागत नाही. हरणाला ते विशेष काही वाटत नाही. हरणाला जास्त खटकतो तो निळा. म्हणजे जंगलात जाताना लाल टी-शर्ट काढून निळी जीन्स घालणारा माणूस उलटंच करत असतो. यात पक्षी मात्र धरू नका. पक्ष्यांकडे चार प्रकारच्या रंगपेशी असतात, लाल तर त्यांना दिसतोच, वर आपल्याला न दिसणारा अतिनीलही दिसतो. पळस आणि पांगारा फुलला की मैना-बुलबुलांची गर्दी होते ती उगीच नाही. उलट मधमाशीला अतिनील दिसतो पण लाल नाही. मधमाशीला रंग कळतात हे कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञांनी १९१४च्या सुमाराला दाखवलं. करड्या रंगाच्या अनेक छटांच्या कार्डांमध्ये एक निळं कार्ड ठेवून त्यावर साखरपाणी ठेवलं, आणि माश्या नेमक्या निळ्यावर येत राहिल्या. लाल कार्डाची मात्र गडद करड्यांशी गल्लत करत होत्या.

मिस्टरांना रंगाचा शेतात उपयोग करायचाच असेल तर तो डुकरांवर नाही, किडींवर करायला सांगा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना पिवळा रंग ओढतो, फुलकिड्यांना निळा. दोन्ही रंगांचे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात. परसातल्या मिरची-वांग्यात आधी थोडे लावून बघा, कुठल्या रंगावर काय चिकटलंय ते दर दोन-तीन दिवसांनी मुलाला मोजायला लावा, आणि मगच फवारणीचं ठरवा. सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरा वर हवा. पीक वाढेल तसा काठीवर वर सरकवायचा, आणि धुळीनं चिकटपणा गेला की बदलायचा.